हवालदाराचा नगारा

हिवरटोला, ता. धानोरा
दि. ४ नोव्हेंबर १९८५

ती. आत्यास,
नागसेनचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. रुखमानं तुझ्यासाठी जवसाची चटणी करून ठेवली आहे. चंद्रपूरकडे जाणारा भरवशाचा माणूस मिळाला की धाडते. भरवशाचा म्हणजे वाटेत न खाणारा.

काल इथे एक भानगड झाली. तिचं मूळ तू आहेस, म्हणून तुलाच आधी कळवतो. बापूराव तुला ठाऊक आहेत: जुनं जमीनदार, मालगुजार घराणं, साठ एकर धान, आणि शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, धावणारी ती जोडी, हवालदार आणि जमादार. त्यातला हवालदार काल पहाटे मेला. संध्याकाळी चारा खाल्ला आणि सकाळी पोट फुगून आडवा. नाकातून काळं, पातळ रक्त येत होतं आणि ते गोठत नव्हतं. असं रक्त पाहिलं की आमच्या ढोरांच्या दवाखान्यातल्या कुणालाही घाम फुटतो. या रोगाला फाशी म्हणतात. जनावर फाशीनं मेलं असलं तर त्याला सुरी लावायची नाही, सोलायचं तर मुळीच नाही; चुना टाकून खोल पुरायचं. रक्त उघड्यावर आलं की रोगाचं बी कातड्यात आणि मातीत वर्षानुवर्षं जगतं, आणि ते कातडं हाताळणाऱ्या माणसाला काळपुळी होते. वेळेवर औषध नाही मिळालं तर माणूसही जातो. मी कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घेऊन तपासायला नागपूरला पाठवलं आणि हे सगळं बापूरावांना समजावून सांगितलं.

बैल ओढायला त्यांनी सवयीनं आपल्या वस्तीत निरोप धाडला. वस्तीनं सांगितलं की छप्पन्न सालापासून आम्ही मेलेलं ढोर ओढत नाही. मला वाटलं, आता भांडण पेटणार. तर बापूराव म्हणे चावडीसमोर उभे राहिले आणि सांगू लागले की बरोबर हाय, नोका ओढू, धानोऱ्याले अंजनाबाईचं भाषन आयकलं मी, मले पटलं. तुझं ते ऑक्टोबरातलं भाषण, आत्या! ज्याला कातडं हवं त्यानं सुरी स्वतःच्या हातात घ्यावी, ते वाक्य! बापूराव त्या दिवशी खत न्यायला आले होते आणि चिंचेखाली पोत्यावर बसून त्यांनी तुला पूर्ण ऐकलं.

आज कळतं की त्यांनी तुझा शब्द तंतोतंत पाळला. बैल पुरला, चुनाही टाकला, पण कातडं काढून घेऊन. तेही दाढीच्या वस्तऱ्यानं! मी विचारायला गेलो तर आकाशाकडे पाहून म्हणतात, कोनतं कातडं?

उद्या मला लसीकरणासाठी अहेरीकडे निघायचं आहे. अहवाल येईपर्यंत मी जबरदस्ती करू शकत नाही. तू त्यांना एक कार्ड टाक आणि कळव की त्या वाक्याच्या पुढचं वाक्य सांगायचं राहिलं होतं.

चटणी मुरते आहे, तशीच तुझी माया मुरत राहो.
तुझा,
नागसेन

चंद्रपूर
दि. ७ नोव्हेंबर १९८५

चि. नागसेन यास,
अंजनाबाईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि चौथ्यांदा महिला मंडळात मोठ्याने वाचून दाखवले. दोघींचे डोळे पाणावले. तिसरी झोपली होती, तिला उठवून पुन्हा वाचले.

अरे, तीस वर्षे मी व्यासपीठांवरून ओरडते आहे. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन आपले उष्टे ताट बायकोला उचलायला लावतात. आपले बोलणे कुणी खरोखर ऐकत असेल, अशी मी आशाच सोडली होती. आणि इथे साठ एकरांचा धनी आपल्या अंगणात उकिडवा बसून आपला बैल आपल्या हाताने सोलतो! फ्रान्सात सरदारांना कामाला लावायला त्यांच्या राजाचे डोके उडवावे लागले. हिवरटोल्यात एक भाषण पुरले, आणि तेही लाउडस्पीकर घरघरत असताना.

तुझ्या जंतूंविषयी मला पूर्ण आदर आहे. मी त्यांच्यावरचा एक जाड ग्रंथ वाचला आहे. पण तुझा अहवाल अजून यायचा आहे, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी घशात बोराची साल अडकली तरी तुला घटसर्प झाल्यासारखे वाटायचे आणि तू मला तुझी पाटी कुणाला द्यायची ते सांगायचास. इतिहास घडत असताना माणसाने थोडी हिंमत धरावी.

बापूरावांना कार्ड टाक असे तू लिहिलेस, ते मी लगेच टाकले. पुढचे वाक्य मात्र घातले नाही, अभिनंदन घातले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या गावची मंडई, ती जत्रा, असते ना? मी येते. दंडारीचा नाच-खेळ सुरू होण्याआधी त्याच मांडवात त्यांचा जाहीर सत्कार करू. शाल घेतली आहे. रुखमाला सांग, चटणी न्यायला भरवशाचा माणूस स्वतःच येतो आहे.

तू तिथे नसशील याचे वाईट वाटते, पण थोडेसेच.
तुझ्यावर रागावण्याचा हक्क राखून असलेली,
आत्या

मुक्काम अहेरी
दि. १२ नोव्हेंबर १९८५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. घाईत लिहितो आहे.

तुझं पत्र फिरत फिरत आज इथे पोचलं, आणि नेमका आजच अहवालही कळला. फाशीच आहे, आत्या. या वेळी बोराची साल नाही.

तू निघू नकोस. निघालीसच तर सत्कार करू नकोस. केलासच तर शाल लांबून दे. आणि काहीही झालं तरी त्या कातड्याला हात लावू नकोस. कातडं कुठे आहे तेही समजलं. धानोऱ्याच्या गाडीचा कंडक्टर सांगत होता की बापूराव हवालदाराचा नगारा मढवून राहिले आहेत. येत्या शंकरपटात जमादार धावेल तेव्हा त्याच्या जोडीदाराचा आवाज त्याच्या कानी पडला पाहिजे, असं म्हणतात म्हणे. त्यांची माया मला कळते. पण त्या कातड्यात जे बसलं आहे, ते वाळून मरत नाही.

रुखमालाही वेगळं पत्र टाकलं आहे. दोन्ही पत्रं तुझ्याआधी पोचोत. इथे काल एका म्हशीनं लस टोचून घेतली आणि माझ्या पायावर उभी राहिली. त्यामुळे मी सध्या कुणाच्या मागे धावू शकत नाही, तुझ्या तर नाहीच.

काळजीनं अर्धा झालेला,
नागसेन

हिवरटोला
दि. १६ नोव्हेंबर १९८५

श्री. नागसेनराव यांस,
रुखमाचा सादर जयभीम.

तुमचं पत्र आज आलं. मंडई काल झाली. आत्याबाई सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला गेल्या आणि पत्र दुपारच्या गाडीनं आलं. आता सगळं सांगते, पण आधी बसून घ्या.

बापूरावांनी नगारा मांडवात आणला. कातडं मढवलं आहे गुणाबाईंनी बापूरावांशी लग्न होऊन येताना माहेराहून आणलेल्या मोठ्या गंजावर, ज्यात पाचशे माणसांचा भात शिजतो. केस तसेच आहेत, आणि हवालदाराच्या कपाळावरचा पांढरा टिळा बरोब्बर मधोमध आला आहे. गुणाबाई डोळ्यांना पदर लावून रडत होत्या. मी समजूत घालायला गेले तर म्हणाल्या की अर्धं रडनं बैलासाठी हाय अन् अर्धं गंजासाठी.

मग आत्याबाई उभ्या राहिल्या. तुम्हाला त्यांचं माहीतच आहे, प्रत्येक वाक्याला टेबलावर मूठ आपटतात. मांडवात टेबल नव्हतं. नगारा होता. श्रमाला लाज नसते म्हणाल्या आणि धम्. लाज आयतं बसून खाणाऱ्याला म्हणाल्या आणि धम्, धम्. मागची पोरंसोरं नाचायला लागली. दंडारवाल्यांना वाटलं खेळ सुरूच झाला, म्हणून राजा अर्ध्या रंगलेल्या तोंडानं पळत आला. नगारा मात्र वाजत होता म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा.

शाल घालताना बापूरावांच्या मनगटावरचं हळदीचं फडकं सरकलं. खाली काळीकुट्ट खपली, जांभळाएवढी, आणि भोवती सूज. म्हणे आधी खाज आली, मंग फोड आला, दुखत तर काईच नाई. आत्याबाईंनी तो हात वर धरला आणि सगळ्यांना सांगितलं की हे श्रमाचं पदक आहे. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला काय ठाऊक!

पत्र वाचलं तशी मी धावत बापूरावांकडे गेले. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, तुया नवरा ढोरायचा डाक्टर, मी काय ढोर हाव? नगारा उशाशी घेऊन निजले आहेत. अंगात कणकण आहे. मी हात साबणानं खसाखसा धुतले आणि तुमची वाट पाहते आहे.

पायावर म्हैस उभी असली तरी तिला उतरवून लगेच या.
तुमची,
रुखमा

हिवरटोला
दि. १८ नोव्हेंबर १९८५
(चंद्रपूर गाडीच्या ड्रायव्हरबरोबर, हातोहात)

ती. आत्यास,
जयभीम.

हे पत्र वाचून झालं की चष्मा काढू नकोस, चप्पल घाल आणि सरळ मोठ्या दवाखान्यात जा. फाशीनं मेलेल्या बैलाचा नगारा वाजवला असं स्पष्ट सांग. भाषण केलं असं सांगू नकोस, डॉक्टर गोंधळेल. तुझ्या हाताला बहुतेक काही होणार नाही, पण औषध आधीच घेतलेलं बरं.

खरी काळजी बापूरावांची आहे. मी काल परतलो. सूज कोपरापर्यंत चढली आहे आणि ताप वाढतो आहे. पेनिसिलिननं हा रोग हटतो, आणि गडचिरोलीला ते आहे. पण हा माणूस खाटेवरून हलत नाही. मी सांगितलं, सरपंचानं सांगितलं, गुणाबाईनं तर स्वयंपाक बंद केला. सुईची भीती आहे, पण ती कबूल करत नाहीत. वर म्हणतात की नगारा सोडून गेलो तर तुमी त्याले पुरसान. आणि शेवटी तुझंच नाव घेतात. अंजनाबाईनं सुरी धराले सांगतलं, ती बाई बोलली तरच खाली ठेवीन, नाई तर नाई.

तेव्हा आत्या, तुझं वाक्य मागे घे. तू आयुष्यात एकही घेतलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. पण उशीर झाला तर माणूस जाईल. ड्रायव्हर उद्या सकाळी परत निघतो. त्याच्याच हाती उत्तर दे.

तुझा,
नागसेन

चंद्रपूर
दि. १९ नोव्हेंबर १९८५

श्री. बापूराव यांस,
अंजनाबाईचा जयभीम, आणि तुमच्या सवयीचा रामरामही.

हे पत्र मी उभ्याने लिहिते आहे. काल दवाखान्यात माझ्या कमरेत दोन इंजेक्शने ठोकली, त्यामुळे बसण्याची सोय राहिलेली नाही. नर्सबाई सुई टोचत असताना मी तिला गिरणी कामगारांच्या हालांविषयी सांगत होते. तिने दुसरी सुई जरा लवकरच उरकली. सांगायचे इतकेच की मी अजून जिवंत आहे. सुईने माणूस मरत नाही, फक्त थोडा वेळ विनम्र होतो.

माझा भाचा म्हणतो की मी माझे वाक्य मागे घ्यावे. मी घेणार नाही. पण तुमच्या मनगटावर मी जे उंच धरून दाखवले, ते पदक नव्हते. दवाखान्यातून येताना मला ते आठवले, आणि मी रस्त्यात उभी राहिले. तसेच एक मी लहानपणी रोज पाहिलेले आहे.

माझे वडील, रामाजी, तुमच्याच गावचे. तुमच्या घराण्याची मेलेली ढोरे तेच ओढत, तेच सोलत. त्यांच्या कोपराखाली एक खळगा होता, गुळगुळीत, त्यात माझा अंगठा मावायचा. ते सांगत की ती देवीची खूण आहे. माझ्या काकाला तीच खूण मानेवर उठली आणि आठवड्याच्या आत तो गेला. गाव म्हणाले, देवी कोपली. देवी दर दोन-चार वर्षांनी कोपायची, आणि कोपायला तिला आमचीच वस्ती सापडायची. बाकीचे गाव पायात जोडे घालून दूर उभे असायचे. जोडे त्याच कातड्याचे.

बापूराव, जंतूला जात कळत नाही. पण गावाने त्याला पिढ्यानपिढ्या एकाच वस्तीचा पत्ता देऊन ठेवला होता. छप्पन्न साली आम्ही मानासाठी ते काम सोडले. त्याबरोबर किती जीव वाचले, ते मला काल कळले, मी, जिने त्यावर शेकडो भाषणे केली! आता तुम्ही त्या जंतूचा नवा पत्ता होऊ नका. मी हे कधी मागितले नव्हते. मला बरोबरी हवी आहे, पण आमचे मरण तुमच्याशी वाटून घेऊन नको.

म्हणून ते वाक्य मी पुढे नेते. ज्याला कातडे हवे त्याने सुरी स्वतःच्या हातात घ्यावी. आणि ज्या कातड्यात मरण आहे, ते कुणीच, कुणाच्याही हाताने काढू नये. हे नीट लक्षात ठेवा, पुढच्या वेळी चिंचेखाली बसलात तर पूर्ण होईपर्यंत उठू नका.

आता उठा. गडचिरोलीला जा. हवालदाराला त्याच्या कातड्यासह मातीत जाऊ द्या. अर्धा बैल जमिनीत आणि अर्धा तुमच्या उशाशी, ही काही माया नव्हे.

तुमच्या बरे होण्याची वाट पाहणारी, आणि तोवर उभीच असणारी,
अंजनाबाई

गडचिरोली, सरकारी दवाखाना
दि. २८ नोव्हेंबर १९८५

अंजनाबाईले बापूरावचा जयभीम. रामराम बी घ्या, दोनी घ्या.

बाई, तुमचं पत्र रुखमा पोरीनं माया खाटेपाशी उभी राहून वाचलं. तुमच्यावानीच वाचलं, फक्त मूठ आपटाले काई नोतं म्हनून खाट हालवली. आयकलं अन् उठलो. बैलाच्या दमणीत बसलो, मंग गाडी, मंग हा दवाखाना. डाक्टर म्हने आनखी दोन दिवस थांबले असते तर कठीन होतं. आता ताप उतरला. सूज गेली. खपली निंगून राह्यली, खाली खळगा पडते म्हने. सुईचं तुमी खरं लिवलं. मी पयल्या सुईले लय वरडलो. बाजूच्या खाटेवरचा बाळंतपणाले बायको घेऊन आलेला मानूस घाबरून बायकोलेच पाहाले पळाला.

नगारा पुरला. नागसेनभाऊनं तोंडाले फडकं बांधलं, हाताले रबरी मोजे घातले, अन् पोतं भिजवून नगाऱ्यावर टाकलं. खड्डा दोनी वस्तीच्या लोकाईनं खनला. वरून चुना. गुनाबाई म्हने गंज तरी काढून द्या, उकळून घेतो. नागसेनभाऊ म्हने तुमच्या उकळल्यानं हे मरत नाई. तवा गंज बी गेला. आता ते माया संगं फक्त गंजापुरतंच बोलते. जमादाराले लस टोचली, साऱ्या गावच्या ढोराईले टोचली. जमादारानं माया एवढा आवाज नाई केला.

एक गोस्ट सांगतो बाई. मायी शेती मोटेवर होती. माया बापाच्या मोटेचं कातडं तुमच्या वडलाईनंच कमावलं होतं. त्या मोटेचं पानी पिऊन मी एवढा जालो. पन रामाजी हे नाव मले तुमच्या पत्रातून मालूम जालं. आमच्या घरी त्याईले कोनी नावानं हाक मारलीच नाई. वीस-बावीस वर्सं त्याईले रोज पायलं अन् नाव मालूम नाई. इथी पडल्या पडल्या हेच मनात येते. हाताच्या खळग्याकडे पायतो अन् हेच येते.

म्हनून एक इचार केला. हवालदाराच्या जागी नवा गोऱ्हा घेऊन राह्यलो. लय देखना हाय. त्याचं नाव तुमच्या वडलाईच्या आठवनीनं रामाजी ठेवाव म्हनतो. मायाकून तेवढंच. तुमी हो म्हना.

लोभ करा, रागावलं तरी चालन.
बापूराव

चंद्रपूर
दि. ३ डिसेंबर १९८५

श्री. बापूराव यांस,
अंजनाबाईचा जयभीम.

तुमचे पत्र मी महिला मंडळात वाचायला घेतले आणि मोटेपर्यंत आले. पुढचे वाचता आले नाही. व्यासपीठावर माझा आवाज बसल्याची ही पहिलीच वेळ. मंडळाने ती दोन मिनिटे शांतता म्हणून पाळली. नंतर कळले की त्यांना वाटले तुम्ही गेलात. नाही गेलात, हे मी त्यांना सांगितले आहे. तरी मागे एकदा पत्र ऐकताना झोपलेल्या बाईने हार आणून ठेवला होता, तो परत करायचा नाही म्हणते.

गुणाबाईंना सांगा की नवा गंज मंडळातर्फे येतो आहे. त्यात भात शिजवावा, तो वाजवू नये. शंकरपटात वाजवायला पत्र्याचे एक रिकामे पिंप पाठवते. ते कुणाच्याही अंगावरून काढलेले नाही.

आता गोऱ्ह्याचे. तुमची भावना मला पोचली, आणि तरीही मी हो म्हणणार नाही. माझ्या वडिलांचे नाव आता तुम्हाला ठाऊक झाले आहे, तर ते बैलाला ठेवू नका. चावडीत, चारचौघांत, मोठ्याने घ्या. रामाजी या गावचे होते आणि तुमच्या मोटेचे कातडे त्यांनी कमावले, एवढेच सांगा. ते भाषण तुम्ही करायचे. मी ऐकायला येईन आणि मध्ये बोलणार नाही. नागसेनला हे खरे वाटणार नाही, पण प्रयत्न करीन.

आणि गोऱ्ह्यासाठी नाव मी सुचवते. तुमच्या गोठ्याला हुद्द्यांची परंपरा आहे, ती मोडू नका. जमादाराच्या बरोबरीने जुवाला जुंपायचा आहे, घाम गाळून ओढायचे आहे. त्याचे नाव मालगुजार ठेवा. त्याला पळताना पाहायला मी पायी येईन.

कमरेने आता बसू दिले आहे, म्हणून हे पत्र पहिल्यांदाच बसून लिहिले. तेवढा मान तुमचा.

तुमची,
रामाजींची मुलगी अंजना